तीन फुटांची वायर

नाही, पण मला एक सांगा, त्या वायरीनं कुणाचं काय घोडं मारलं होतं हो? तीन फुटांची वायर. काळी, पिळाची, ओढली की लांब व्हायची, सोडली की गपकन जागेवर. एक टोक बोर्डात, दुसरं रिसीव्हरला, आणि रिसीव्हर माझ्या कानाला. एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षांत त्या वायरीनं मला कधी 'चार्ज करा' म्हटलं नाही, कधी कानात 'टुंई टुंई' केलं नाही, कधी केसांत अडकली नाही... आणि ह्यांना ती डोळ्यांत सलायला लागली! म्हणे, मॅडम, जग कुठे चाललंय बघा. अहो, जाऊ दे ना जगाला जायचं तिथं! मी कुठे चाललेय? मी बसलेय की माझ्या खुर्चीवर!

थांबा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई नुसतीच चिडलीय. मी मोहिनी दंडगव्हाळ. राहायला इंदिरानगर, नोकरीला अंबडच्या एका पंपाच्या कारखान्यात, टेलिफोन ऑपरेटर. कारखान्याचं नाव सांगत नाही, माझ्या तोंडून त्यांची फुकट जाहिरात कशाला? शहाऐंशी साली लागले तेव्हा पहिल्या मॅनेजरांनी माझ्या डोक्यावर, भिंतीला एक कागद चिकटवला होता. 'ऑपरेटरने बोर्ड सोडू नये.' बस्. तेवढा एक नियम. आता तुम्ही म्हणाल, अरेरे, बाईला बांधून ठेवलं. बांधलं होतंच की! पण त्या बांधलेपणात काय सुख होतं म्हणून सांगू... कुणी म्हणजे कुणी मला 'जरा उठता का' म्हणू शकत नव्हतं. चहा माझ्याकडे यायचा. फाईल माझ्याकडे यायची. मोठे साहेब, ज्यांच्यापुढे अख्खी कंपनी उभी राहायची, ते मला काही सांगायचं असलं की स्वतः चालत यायचे आणि माझ्यासमोर उभे राहायचे. का? तर मी उठले तर कंपनी बहिरी होते! चौऱ्याण्णव साली पेंट सेक्शनला आग लागली, सगळे गेटकडे पळाले, मी पण पर्स उचलली, तर साहेब पळता पळता ओरडले, "मॅडम, तुम्ही बसा! फायर ब्रिगेडला फोन कोण करणार?" बसले. दोन्ही डोळ्यांतून पाणी, नाकात धूर, आणि कानाला रिसीव्हर. पण बसले.

आणि नुसती बसायचे नाही हं. पंपाचा कारखाना म्हटल्यावर फोन कुणाचे येणार? निफाडचे, दिंडोरीचे, पिंपळगावचे, द्राक्षवाल्यांचे. मोटर बिघडली की आधी फोन मला. सुरुवातीला विहिरीवर फोन कुठले? मग हा गडी निफाडला एसटीडी बूथमध्ये यायचा आणि तिथं उभा राहून तोंडानं मोटर चालवून दाखवायचा. खोटं नाही सांगत! "ताई, आईका. घूंऽऽऽ... खट्... घूंऽऽऽ... खट् खट्... आन मंग बंदच." बाहेर रांगेतली माणसं हसतायत ते मला फोनवर ऐकू यायचं, पण हा आपला मन लावून, खट् खट्! मी सर्व्हिसवाल्यांना तस्संच तोंडानं करून दाखवायचे. ते म्हणायचे, हा फूटव्हॉल्व्ह, हे बेअरिंग, हे वाइंडिंग. असं करत करत माझा कान तयार झाला. पुढे मोबाईल आले, मग तर काय, गडी विहिरीवरूनच मोबाईल मोटरीला टेकवायचा, मी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "बेअरिंग चाललंय भाऊ, ह्या महिन्यात बदलून घ्या." एकदा नाही चुकले. सर्व्हिसवाले आधी हसायचे, नंतर गुपचूप विचारायला यायला लागले. पार्ट्या कंपनीचं नाव घेत नसत, म्हणत, "बोर्डावरच्या ताईला इचारा."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं. आणि मग २००५ साली आले कुंदन साहेब.

ॲडमिन मॅनेजर. वय पस्तीस, हातात सतत दोन मोबाईल, आणि कुठलंही वाक्य मराठीत सुरू करून मराठीत संपवायचं नाही अशी शपथ. पहिल्याच दिवशी माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, वायरीकडे असं बघितलं जसं काही माझ्या मांडीवर पाल बसलीय, आणि म्हणाले, "मॅडम, ये क्या है? म्हणजे अजूनही? आय मीन, इन दिस एज?" मी म्हटलं, "साहेब, फोन आहे." म्हणाले, "नो नो, मोबिलिटी कुठाय? एम्प्लॉयी कसा फ्री पाहिजे!" आता तुम्हाला सांगते, आयुष्यात जेव्हा जेव्हा कुणी मला फ्री करायला आलंय ना, तेव्हा तेव्हा माझं काम वाढलंय. मिक्सर आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आता काय, दोन चटण्या जास्त कर. पण ते साहेबांना कोण सांगणार?

आठवड्याभरात एक अमित नावाचा सेल्समन आला. टाय, केसांना जेल, आणि हातात हे एवढं खोकं. सगळा स्टाफ माझ्या खोलीत गोळा. त्यानं खोक्यातून तो हेडसेट काढला. एक आकडा कानामागे, एक दांडी तोंडासमोर, आणि कमरेला एक डबी, डबीवर बटणं. म्हणाला, "मॅडम, कॉल आला, बटण दाबा, बोला. ट्रान्स्फर करायचा, डबीवरचा नंबर दाबा, गेला! टेबलावरच्या ह्या बेसपासून शंभर मीटर कुठेही फिरा! वायर नाही, टेन्शन नाही!" आणि स्वतःच तो कानाला लावून निघाला की! पॅसेजमधून गेला, जिना उतरला, दिसेनासा झाला. पाच मिनिटांनी माझ्या बोर्डावर आवाज, "मॅडम, मी गेटवरून बोलतोय!" मी म्हटलं, "मग आत या ना, गेटवरून कशाला बोलताय?" सगळे हसले. कुंदन साहेब नाही हसले. त्यांनी तिथल्या तिथे सही केली, टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं करून म्हणाले, "मॅडम, यू आर फ्री! वायर नाही, टेन्शन नाही!"

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला आवडलं. हो, आवडलं! उभी राहिले. फोनवर बोलता बोलता उभी राहिले, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! खिडकीपाशी गेले. खाली कंपाउंडला बोगनवेल होती, ती मला माहीतच नव्हती... म्हणजे येता-जाताना बघितली होती, पण अशी दुपारी, उन्हात, फोनवर बोलत बोलत नव्हती बघितली. पिंपळगावच्या पार्टीला मी म्हणाले सुद्धा, "काय बहर आलाय हो!" तो म्हणाला, "कशाला, ताई?" एक दिवस. एकच दिवस ते सुख मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी उभी दिसले तर अकाउंटमधून हाक, "मॅडम, उठलाच आहात तर तेवढं झेरॉक्स आणता?" आता ह्या 'उठलाच आहात तर'ला काय म्हणावं? आणलं. येता येता परचेसवाल्यानं अडवलं, "मॅडम, खाली चाललाच आहात तर हे कुरिअर..." अहो, मी वर चाललेय! "मग परत खाली जाल तेव्हा." आणि मी गेले, मूर्खासारखी गेले! आठ दिवसांत माझं असं झालं की व्हिजिटरला पाणी मी, पाहुण्यांना साहेबांच्या केबिनपर्यंत सोडायला मी, गेटपासचं बुक स्टोअरला नेऊन द्यायला मी, आणि हे सगळं करताना कानात एक, समोर एक. जिन्यात मी फोनवाल्याला म्हणायचे, "नमस्कार, बोला," तर समोरून येणारा म्हणायचा, "नमस्कार मॅडम, काही नाही, सहज चाललोय." फोनवाल्याला म्हणायचे, "दोन मिनिटं थांबा," तर तो समोरचा बिचारा जिन्यात उभा! थांबलाय! मी वरच्या मजल्यावर पोचले तरी हा थांबलाय! शिपायाची जागा रिकामी झाली, तर ती भरलीच नाही. का भरतील? मोहिनीबाई आहेत ना फिरत्या. वायर नाही, टेन्शन नाही!

आमच्याकडे सिंधुबाई म्हणून होत्या, झाडलोट आणि चहा. पेठच्या बाजूच्या. त्या एक दिवस जिन्यात फडकं घेऊन बसल्या होत्या, मी वर-खाली, वर-खाली. तिसऱ्या फेरीला मला म्हणाल्या, "ताई, जरा टेका की. तुमी तर माझ्यावानी झाल्या. हाक मारली का पळायचं. फकस्त माझ्या कानाला काय लावलेलं नाय." मला इतका राग आला ना... सिंधुबाईंचा नाही हो. त्या खरं बोलत होत्या त्याचा.

आणि आता जरा लाज बाजूला ठेवून सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणारच नाही. पूर्वी मला बाथरूमला जायचं झालं की सिंधुबाई बोर्डाशी येऊन उभ्या राहायच्या. कुणाचाही फोन आला, मंत्र्याचा येऊ दे, त्या उचलायच्या आणि सांगायच्या, "ताई बाथरुमला गेल्यात, मंग करा." संपलं! जग थांबायचं. कुंदन साहेबांनी ते बंद केलं. अनप्रोफेशनल म्हणे. आता बायकांचं बाथरूम बेसपासून किती? चाळीस मीटर. म्हणजे रेंजमध्ये! "मॅडम, कॉल मिस नाही झाला पाहिजे." तर एक दिवस मी आत, आणि कानात टुंई! इंदूरचा डीलर. मी श्वास रोखून, हळूच, "नमस्कार..." आणि नेमका त्याच वेळी शेजारच्या दारातून कुणीतरी साखळी ओढली. धाडकन्! हा पाण्याचा लोंढा! तिकडून, "मॅडम, ये पानी की आवाज?" काय सांगणार? माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, टेस्टिंग चालू है." तर तो म्हणतो, "वाह! प्रेशर अच्छा है!" आणि चाळीस पंपांची ऑर्डर दिली हो! तुम्ही हसताय. सगळे हसतात. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये कुंदन साहेबांनी त्या ऑर्डरचं श्रेय हेडसेटला दिलं. मला नाही. साखळी ओढणारीला सुद्धा नाही. हेडसेटला!

पण इथपर्यंत चालत होतं. पाय दुखायचे, कान दुखायचा, पण माणसाचं काय, सवय होते. मला जे लागलं ते वेगळंच.

गोटीराम बोरस्ते. निफाडचे. बारा वर्षं त्यांचे फोन येत होते, चेहरा मी एकदाही बघितला नव्हता, पण माणूस इतका ओळखीचा की नुसता खाकरला तरी मी म्हणायचे, "बोला, गोटीरामभाऊ." दर वर्षी छाटणी झाली, बागाला पाणी चालू करायचं झालं, की ते मोबाईल मोटरीला टेकवायचे. बिघाड असो नसो. "ताई, एकदा कान लावा, म्हंजी आपुन निवांत." डॉक्टर तपासतो तसं. मी ऐकायचे, म्हणायचे, "ठणठणीत आहे," आणि ते म्हणायचे, "मंग झालं!"

त्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी खुर्चीवर नव्हते. कशी असणार? स्टोअरच्या मंगळूनं गेटपासचं बुक मागवलं होतं, बरं, ते पण कसं, "मॅडम, बसल्याच असाल तर उठा," असं! मी बुक घेऊन वर्कशॉपमधून चालले होते. "ताई, कान लावा." मी म्हटलं, "लावा मोटरीला." आणि चालता चालताच ऐकायला लागले. डोळे कसे मिटणार? समोरून ट्रॉली येतेय! तर कानात आवाज, घर्रर्र... घर्रर्र... घर्रर्र... एवढा खराब आवाज मी कधी ऐकलाच नव्हता! मी म्हटलं, "भाऊ, बंद करा! आधी बंद करा! बेअरिंग पार गेलंय, वाइंडिंग जळेल! काढा आणि घेऊन या." ते म्हणाले, "काय म्हणता? मला तर काय आवाज नाय येत." मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, "तुम्हाला नाही येत, मला येतो!" केवढा तो रुबाब! अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ते पिकअप घेऊन गेटवर हजर. चार माणसं लावून विहिरीवरून मोटर उचलली, रात्रीतून मजूर जमवले, आणि आणली. मी धावत टेस्टिंगला गेले. फिटरनं मोटर जोडली, सुरू केली. काही नाही. आवाजच नाही! तो म्हणाला, "मॅडम, ही तर झोपलेल्या पोरासारखी चालतेय." उघडली, बेअरिंग बघितलं, चकचकीत! मी म्हटलं, असं कसं होईल? मी स्वतः ऐकलंय! आणि तेवढ्यात माझ्या कानात टुंई, सटाण्याच्या डीलरचा फोन. मी बटण दाबलं, आणि त्याच्या आवाजात तोच, घर्रर्र... घर्रर्र... मी वळून बघितलं. बाजूला वेल्डिंग सेक्शन, काल बुक घेऊन मी ह्याच्याच शेजारून गेले होते. वेल्डरनं ठिणगी मारली की कानात घर्रर्र. त्यानं हात उचलला की बंद. पुन्हा ठिणगी, घर्रर्र!

म्हणजे मोटर चांगली होती. बेअरिंग चांगलं होतं. खराब होता तो माझ्या कानातला डबा! तीन फुटांच्या वायरीत एकोणीस वर्षांत कधी वेल्डिंग शिरलं नव्हतं हो!

मी गोटीरामभाऊंना सगळं खरं सांगितलं. लपवणार काय? हेडसेट काढून त्यांच्या हातात दिला. साठीचे असतील, डोक्यावर टोपी, हात मोटरीच्या ग्रीसनं काळे. त्यांनी तो उलटापालटा करून बघितला. "याला वायर कुठं हाय?" मी म्हटलं, "नाहीये भाऊ." "मंग आवाज कुठून येतो?" मी म्हटलं, "हवेतून." ते काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ताई, तीन दिस दिवसाची लाईट मिळाली व्हती. आता उंद्यापासून रातची. बाग सुकी हाय." आणि हेडसेट माझ्या हातात परत देत, "कंपनीचं मला काय बी नाय. मी तुमच्या कानावर इस्वास ठेवला व्हता." मोटर पिकअपमध्ये चढवली आणि गेले. मी गेटपाशी उभी. आणि कानात टुंई! अहो, मला रडायची पण सोय ठेवली नव्हती! "नमस्कार, बोला..." वायर नाही, टेन्शन नाही!

चार दिवसांनी मला मेमो. 'ऑपरेटरने ग्राहकांना तांत्रिक सल्ला देऊ नये.' माझ्या कानाला बंदी! बरोबरच होतं, मी म्हणते ना, बरोबरच होतं, चूक माझी होती. पण मग मी पण एक कागद लिहिला. म्हटलं, तुम्हाला लिहिता येतं तर मला येत नाही? रीतसर अर्ज. 'माननीय महोदय, विषय: माझी वायर मला परत मिळणेबाबत.' लिहिलं की मला फिरतं नको, मला बसवा, मी बसले की नीट ऐकते, वायरीवर एकोणीस वर्षांत माझं एक निदान चुकलेलं नाही, जुना संच स्टोअरमध्ये असेल तर तो जोडून द्यावा, कळावे. आणि स्टोअरला जाऊन मंगळूला विचारलं पण, माझा बोर्ड कुठाय? तो म्हणाला, "मॅडम, तो मागच्या महिन्यात भंगारात गेला. वायर मात्र आहे." आणि फळीवर बघते तर त्यानं माझ्या वायरीला पान्हे लटकवले होते.

कुंदन साहेबांनी अर्ज वाचला. हसले. म्हणाले, "मॅडम, पीछे कैसे जायेंगे? पण ठीक आहे, तुम्ही म्हणता ना खुर्चीची गरज आहे, लेट्स स्टडी इट." मी म्हटलं, चला, ऐकलं तर खरं! दुसऱ्या दिवशी एक पोरगेलासा माणूस आला, हातात पॅड आणि स्टॉपवॉच, आणि माझ्या खुर्चीसमोर येऊन बसला. खुर्चीसमोर हं, माझ्यासमोर नाही! मी आपली झेरॉक्सला, कुरिअरला, गेटला, पाण्याला... येता-जाता त्याला चहा सुद्धा मीच नेऊन दिला. तीन दिवस तो त्या खुर्चीकडे बघत बसला आणि लिहीत राहिला. मला कौतुक वाटलं, काय मन लावून काम करतो!

पुढच्या सोमवारी केबिनमध्ये बोलावणं. टेबलावर रिपोर्ट. 'ऑपरेटरची खुर्ची: आठपैकी सहा तास रिकामी.' साहेब म्हणाले, "मॅडम, आय ॲम सॉरी. पण डेटा बोलतो. ऑपरेटरची पोस्टच जस्टिफाय होत नाही." मी म्हटलं, "साहेब, मी तुमच्याच फायली घेऊन जिन्यात होते!" म्हणाले, "ती ऑपरेटरची ड्यूटी नाही ना, मॅडम." मी म्हटलं, "तेच तर मी अर्जात लिहिलंय!" म्हणाले, "एक्झॅक्टली! तुमचाच अर्ज, त्यावरूनच तर स्टडी केला." उठायला मला ह्यांनीच लावलं, आणि खुर्ची रिकामी म्हणून पोस्ट पण ह्यांनीच काढली. आणि ते पण इतकं गोड बोलून, की मी केबिनमधून बाहेर येताना त्यांना थँक्यू म्हणाले!

शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. सिंधुबाई एकट्या रडल्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी साहेब आले, "मॅडम, एक फेवर. नवीन सिस्टिम येतेय, ऑटोमॅटिक. रेकॉर्डेड व्हॉइस. पार्ट्यांना तुमच्या आवाजाची सवय आहे. जाता जाता तेवढं रेकॉर्ड करून द्याल?" दिलं! काय करू, नाही म्हणता येत नाही हा रोगच आहे मला. दोन तास बसून, हो, त्या दिवशी मात्र खुर्ची दिली, "विक्रीसाठी एक दाबा, सर्व्हिससाठी दोन दाबा..." साहेब समोर उभे, "अजून गोड, मॅडम. स्माईल करून बोला, स्माईल ऐकू येतं." नोकरी चाललेली बाई, हसत हसत सांगतेय, स्टोअरसाठी तीन दाबा! शेवटी कागदावर होतं, 'ऑपरेटरशी बोलण्यासाठी नऊ दाबा.' मी थांबले. म्हटलं, "साहेब, ऑपरेटर म्हणजे मी. आणि मी तर उद्यापासून नाही." ते म्हणाले, "राहू द्या मॅडम, लोकांना बरं वाटतं."

तर परवा काय झालं, देवळाली कॅम्पला एका दवाखान्यात रिसेप्शनिस्टची जागा निघालीय. ते म्हणाले, अनुभवाचं सर्टिफिकेट आणा. एकोणीस वर्षांचा अनुभव, पण कागद कुठाय? म्हणून कंपनीत फोन लावला. आणि तिकडून, इतका गोड आवाज हो... "नमस्कार! विक्रीसाठी एक दाबा..." मी ऐकत राहिले. ॲडमिनसाठी नंबरच नाही! मग काय करणार, दाबलं नऊ. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ऑपरेटर दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत. कृपया लाईनवर थांबा."

आता मला माहीत नाही? मला! तिथं कुणी नाही, कुणी येणार नाही, खुर्ची सुद्धा नाही, हे ह्या अख्ख्या नाशकात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? दहा मिनिटं झाली, वीस मिनिटं झाली. फोन ठेवावा म्हणून हात खाली नेला की पुन्हा, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया थांबा." आणि तुम्हाला सांगते, मी थांबले. अर्धा तास थांबले. काय करू... एकोणीस वर्षांत त्या कंपनीत माझ्याशी इतकं मायेनं कुणी बोललंच नव्हतं हो!